अभयदानाचं तळं

दरवर्षी पर्युषणात माझी दादी, सोहनबाई, भिकुबाई कोळणीकडून बादलीभर जिवंत मासे विकत घ्यायची आणि सोडून द्यायची. तापीत सोडले तर भिकुबाईच पुन्हा पकडणार. दादी पक्की व्यापाऱ्याची बायको, असा आतबट्ट्याचा धर्म ती कसा करेल? म्हणून तिने तळोद्याबाहेर, धातूला मुलामा देणाऱ्या बंद कारखान्यामागचं तळं हेरलं होतं. तिथे कोणी जाळं टाकत नसे. का टाकत नसे, हे आमच्या शाकाहारी घरात कोण विचारणार?

विचारलं मी, तेही कॉलेजच्या प्रकल्पापायी. तळ्यातल्या माशांच्या अंगात शिसं आणि कॅडमियम निघालं. कल्ले सुजून चिकट झालेले. निकाल हाती आला, आणि इकडे भिकुबाई बादली घेऊन ओट्यावर हजर. गप्प राहिले असते तर दादीचं पुण्य शाबूत राहिलं असतं आणि बादलीतले मासे त्या तळ्यात झिजून मेले असते. मी सांगून टाकलं.

दादी बादलीवर वाकली. मग म्हणाली, "मी तळावर गऊ का मासा वर येतस, मन्हाकडे तोंड करतस. ते कसाले मंग?"

"त्यासले पानीमा सास लेता येत नही, दादी."

तिने पदर तोंडाला लावला. तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण ती सहजी कुणाच्या कुशीत शिरणारी बाई नाही. मी नुसती शेजारी बसले.

शेवटी ती उठली. "तापीवर चाल, एकता. भिकू, तू बी चाल."

काठावर तिने स्वतः बादली कलती केली. मासे सरळ खोल पाण्यात गेले. एकही तिच्याकडे वळला नाही.

"सकाय तुन्हा जाळामा सापडनात ते?" दादीने विचारलं.

"ते इकसू, सोहनबाई. मन्हं पोट शे," भिकुबाई म्हणाली. "पन आज जाळं टाकाव नही."

दादीने मान डोलावली. एवढ्यावर तिचं भागेल असं मला वाटलं नव्हतं.

गाडीत बसताना तिने माझा हात धरला. "आते तळावर चाल, बेटा. आज संवत्सरी शे. समदासनी माफी मांगी, तळाना मासासनी ऱ्हायनी."

तळ्यात मासे वर आले, तोंडं उघडी टाकून. दादी हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाली आणि तिथेच मातीत बसून लहान मुलीसारखी रडली.