नेकारची ओटी

सप्टेंबर सरत आला होता. जर्मनीतल्या नेकार नदीच्या काठावर चिनारांची लांबच लांब रांग, आणि त्या रांगेवरून सावकाश उतरणारं ऊन. पिकलेलं, मुरलेलं, नुकत्याच उघडलेल्या पेवातल्या हळदीच्या रंगाचं ऊन.

पाणी संथ होतं. पाण्यावरचे हंस संथ होते. पलीकडच्या तीरावरची पिवळी, गेरूरंगी, राखी घरं आपापल्या खिडक्यांसकट पाण्यात उतरली होती. एखादी होडी मधून गेली की ती घरं क्षणभर मोडत, थरथरत, आणि पुन्हा जुळून येत.

त्या काठाच्या शेवटच्या दगडी पायरीवर दोघं उभी होती. वाईची सुलोचना, आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला तिचा नवरा, विद्याधर. ती बहात्तरची, तो पंच्याहत्तरचा. तिच्या अंगावर इरकल साडी, साडीखाली पांढरेशुभ्र धावायचे बूट. त्याच्या गळ्यात दुर्बीण, डोक्याला कानटोपी.

निवृत्तीनंतरची सतरा वर्षं ही दोघं अशीच हिंडली होती. व्हेनिसच्या शेवाळलेल्या पायऱ्या, प्रागच्या पुलावरचं चंदनी धुकं, लिस्बनच्या चढावर धापा टाकणारी पिवळी ट्राम. आल्प्सच्या कुशीतल्या एका इवल्या स्टेशनावर, हिमशिखरांकडे बघत खाल्लेली दशमी आणि लसणाची चटणी. मुलगी पुण्याहून फोन करून रागावे, की या वयात एवढं काय पाय मोडून घ्यायचं. आणि ही दोघं खाली मान घालून ऐकत, फोन ठेवत, आणि पुढच्या गाडीची वेळ बघत.

प्रवासाचा आराखडा तो आखी. आलेखाच्या कागदावर, पेन्सिलीनं, रेल्वे काळी, नदी निळी. कुठल्याही गावात पोचला की आधी पूल गाठी, कठड्यावरून एक वाळकं पान खाली सोडी, घड्याळात बघे, आणि पान ठरल्या खुणेशी पोचलं की समाधानानं मान हलवी. साऱ्या नद्या त्याला अशा सेकंदाला फुटांत भेटत.

तिला त्या निराळ्या भेटत. ती कृष्णाकाठची. नदी म्हणजे सासरमाहेर असलेली बाईच, तिच्या दारी गेल्यावर तिची ओटी भरल्यावाचून परतू नये, हे तिला आईनं शिकवलेलं. म्हणून तिच्या बॅगेत, रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी, एक खण, मूठभर तांदूळ आणि हळदकुंकवाची डबी असे. नारळ कुठल्यातरी श्रीलंकन तमिळ दुकानात मिळून जाई. ऱ्हाईनची ओटी भरली, सीनची भरली, डॅन्यूबची तर दोन देशांत दोनदा भरली. ती पाण्याशी वाके, आणि तो चार पावलं लांब उभा राहून म्हणे, पोलीस आला तर मी तुला ओळखत नाही हं.

एवढ्या नद्या झाल्या, एक राहिली. सतरा वर्षांच्या सतरा कागदांवर त्याची पेन्सिल नेकारकाठच्या या एका गावाला वळसा घालून गेली होती. श्टुटगार्टपर्यंत यायची, जरा घोटाळायची, आणि दुसरीकडे वळायची.

ती ते बघत आली होती. बोलली नव्हती. यंदा म्हणाली, कागद मी आखते. तिनं लिहिलेलं गावाचं नाव त्यानं वाचलं, आणि तो पेन्सिलीला टोक काढत बसला. टोक होतं, तरी काढत बसला.

कारण या गावाहून, एकोणपन्नास वर्षांपूर्वी, त्याला एक पाकीट आलं होतं.

धोम धरणाच्या कामावरचे ते दिवस. पत्र्याची वसाहत, लाल मातीचे लोट, दूरवर पांडवगडाची निळी कड. पाकीट पातळ होतं, निळसर होतं, परक्या तिकिटाचं होतं. नेकारकाठच्या या गावातल्या एका संस्थेत दीड वर्ष राहून नद्यांच्या लहान लहान प्रतिकृती करायच्या, त्यांत पाणी सोडायचं, आणि नदीचा स्वभाव शिकायचा. साऱ्या विभागातून एकट्या त्याला बोलावणं. सहा आठवडे तो रोज दिवेलागणीला खोलीच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसे आणि जर्मन शब्द पुटपुटे. पाणी. पूल. वेग. खोली.

आणि ती तेवीस वर्षांची. लग्नाला सहा महिने झालेली. तिला काही दुखत नव्हतं, पोटात बाळ नव्हतं, सासू छळत नव्हती. नुसतं भय होतं. आगगाडीच्या शिट्टीचं, रिकाम्या खोलीचं, नकाशावरच्या त्या अफाट निळ्या समुद्राचं भय. एका संध्याकाळी ती रडली आणि म्हणाली, की तुम्ही गेलात तर मी इथे राहणार नाही.

तेवढंच. दुसऱ्या दिवशी त्यानं नकाराचं पत्र लिहिलं. कारणाच्या जागी दोन शब्द होते, 'घरगुती अडचण', आणि ते तिनं टेबलावरच्या नकलेत स्वतः वाचले. त्याच्या जागी दुसरा कुणी गेला, परत आला, आणि मोठाल्या धरणांच्या कागदांवर सह्या करू लागला. विद्याधर कालव्यांवरच राहिला. उन्हातान्हात, चाऱ्या मोजत, गाळ उपसून घेत. त्या पाकिटाविषयी तो पुन्हा कधी बोलला नाही.

त्याचं हे न बोलणं तिच्या आत उभं राहिलं. धरणात बुडालेल्या देवळासारखं. एरवी वर सगळं निळं, निवांत, नितळ. एखाद्या उन्हाळ्यात मनातलं पाणी ओसरे, आणि शिखर दिसे. आपण या माणसाची वाट अडवली का? त्यानं ते आयुष्यभर सोसलं का? पुढे तिचं भय गेलं, मुलगी मोठी झाली, नवऱ्याच्या हाताला धरून ती देशोदेशी हिंडली. आणि दर नव्या गावात, दर नव्या पुलावर, तो प्रश्न तिच्या आधी येऊन उभा असे.

म्हणून ती आज इथे आली होती. त्याला घेऊन, बळेच.

सुलोचना वाकली. गार पाण्याला तिनं हळदकुंकू लावलं. खणावर तांदूळ, तांदळावर नारळ, असं सगळं ओंजळीनं प्रवाहावर ठेवलं आणि मनात म्हणाली, नदीबाई, याला मी तुझ्याकडे येऊ दिलं नव्हतं. आता आणलाय. पदरात घे.

नारळ डुलला, वळला, निघाला. जांभळा खण पाण्यावर पाकळीसारखा पसरला. विद्याधर आज पोलिसाचं काही बोलला नाही. घड्याळातही त्यानं पाहिलं नाही.

तेवढ्यात चिनारांच्या सावलीतून एक होडी आली. लांब, अरुंद, काळ्या लाकडाची होडी. आणि तिच्या मागच्या टोकाला उभा राहून लांब काठीनं नदीचा तळ रेटणारा, पांढऱ्या दाढीचा एक दांडगा म्हातारा. त्याला दिसलं ते एवढंच, की काठावरच्या एका परदेशी आजीबाईंची कसली तरी मोलाची वस्तू पाण्यात पडली.

त्यानं काठी टाकली. तो होडीत पालथा झाला. खांद्यापर्यंत हात त्या बर्फगार पाण्यात घालून त्यानं आधी नारळ धरला, मग खण, आणि होडी वळवून, धापा टाकत, थेट पायरीशी आला. चुकलेली गाय घरी आणून बांधणाऱ्या माणसाचा आनंद त्याच्या तोंडावर होता. दोन्ही हातांनी त्यानं ते तिच्यापुढे धरलं.

दोन हात, खण, नारळ. सुलोचनाचा पदर आपोआप पसरला. जन्मभराच्या सवयीनं पसरला. नारळ त्यात पडला, जड, थंड, ठिबकणारा. आणि मग तिला कळलं, की काय झालं.

आई म्हणायची, मनात काही दडवून भरलेली ओटी नदी घेत नाही. काठाला परत लावते.

नावाडी काही बोलला. विद्याधरनं एकोणपन्नास वर्षं जुन्या, गंजलेल्या जर्मनमध्ये आभार मानले, पाणी फार गार आहे म्हणाला. म्हातारा गडगडाटी हसला, काठी उचलून निघून गेला. विद्याधरही हसत वळला, आणि बायकोचा चेहरा बघून त्याचं हसू थांबलं.

"नाही घेतली तिनं," ती म्हणाली. "मी अडवलं तुम्हाला. आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. एकदा तरी चिडायचं होतंत."

तो पायरीवर बसला. कानटोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली. विरळ पांढऱ्या केसांतून वारा गेला.

"सुलू," तो म्हणाला, "मी जाणार नव्हतोच."

मग त्यानं सांगितलं. हळूहळू, पाण्याकडे बघत. की पाकीट आलं त्या दिवसापासून तो भ्यालेला होता. संध्याकाळी घोकलेले शब्द सकाळी सांडून गेलेले असत. समुद्राची भीती, बर्फाची भीती, त्या गोऱ्या विद्वानांपुढे आपण अडाणी ठरू याची सगळ्यांत मोठी भीती. पायरीवर पुस्तक घेऊन बसायचा तो चार लोकांना दिसावं म्हणून. सहा आठवडे तो एखादं कारण शोधत होता.

"तू रडलीस, आणि मी सुटलो. सगळी वसाहत म्हणाली, बायकोपायी सोडलं. मी म्हणू दिलं. तूही तेच धरून बसलीस, आणि मी... तेही धरू दिलं."

चिनाराचं एक पान सुटलं, गिरक्या घेत पाण्याला टेकलं. दोघांपैकी कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"एकोणपन्नास वर्षं," ती फार हळू म्हणाली, "घरगुती अडचण होऊन राहिले मी."

राग तिच्या छातीत चढला, कानशिलांत आला, डोळ्यांत तापला. फेकून द्यावासा वाटला तो नारळ. आणि रागाच्या त्या तांबूस पुरातून, तिची इच्छा नसताना, तिला ती संध्याकाळ दिसली. पत्र्याची खोली, वातीचा स्टोव्ह, आणि रडणारी एक मुलगी. आजवर त्या खोलीत तिला एकटीच दिसायची. आज दारात सव्वीस वर्षांचा एक मुलगाही दिसला; हातात पुस्तक, ओठ कोरडे, तिच्याइतकाच भ्यालेला.

एका छपराखाली दोन भयं झोपली होती, पाठीला पाठ लावून. दोघांनाही वाटत होतं, दुसरं जागं आहे, शूर आहे.

तिनं ओला नारळ पदरात घट्ट गुंडाळला. खोचला.

"कुठे आहे ती संस्था?"

"आता कोण ओळखणार आहे मला तिथे?" तो म्हणाला. "इमारत तरी असेल की नाही."

"नसली तर जागा बघू."

तो उठला नाही. खाली बघत, कानटोपीची दोरी बोटाला गुंडाळत, आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "भीती वाटते गं."

"वाटू दे," ती म्हणाली. "उठा."

आणि ती पायऱ्या चढू लागली. राग अजून होता. पांढऱ्या बुटांच्या टाचांत होता, पाठीच्या ताठ कण्यात होता. मागे वळून ती पाहत नव्हती. पदरातल्या ओटीतून नेकारचं पाणी थेंब थेंब गळत होतं, दगडामागून दगड ओला होत होता. वर चिनारांची सुवर्णछाया, खाली नदीचं सावळं मौन, आणि त्या दोहोंच्या मधोमध तिचा डावा हात मागे आलेला, उघडा, थांबलेला. खालच्या पायरीवरून एक हात त्याच्याकडे चढत होता. हळू, फार हळू, चढत होता.