कव्हराच्या आतली नावं

मी पुस्तकं बांधते. नवऱ्याच्या मागे दुकान मीच चालवते. माझ्या हातानं चिकटवलेला कागद फाटेल पण सुटणार नाही, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. तोंड माझं तसं कडूच. त्याच तोंडानं नऊ वर्षांपूर्वी मी थोरल्या बहिणीला तोडलं.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. ताई दर रविवारी बायबल, आमचं पवित्र शास्त्र, घेऊन यायची, उशाशी बसून वाचायची आणि निघून जायची. आईला पुरून घरी आलो, त्या दिवशी मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हटलं, की हिनं वचनं हजार वाचली, पण आईची चादर एकदा बदलली नाही. ताई काहीच बोलली नाही. तेही मला झोंबलं. चार शब्द भांडली असती, तर तिथल्या तिथे मिटलं असतं.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. पण चर्चमधल्या बुधवारच्या अभ्यासाला दोघी जायचो. ती पहिल्या बाकावर, मी दाराजवळ. गेले चार महिने एकच विषय चालला होता, प्रीती. फांदी वेलाला धरून राहिली तरच तिला फळ येतं, तसं आपण देवाला धरून राहायचं, आणि देवाला धरून राहायचं म्हणजे एकमेकांवर प्रेम करायचं. पास्टर फळ्यावर वेल काढायचे. ती मेली दोरखंडासारखी दिसायची. एकदा त्यांनी विचारलं, की शास्त्रातल्या प्रेमाच्या अध्यायातलं कुणाला काय अवघड जातं? ताईनं हात वर केला. प्रेम स्वतःचंच बघत बसत नाही, हे आपल्याला जमत नाही म्हणाली. मी मागून मोठ्यानं खाकरले. सगळ्यांनी वळून बघितलं, ताईनं सोडून.

पास्टरनी घरी करायला दिलं होतं, की रोज सकाळी तो अध्याय वाचायचा आणि एकेका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. मीही करायचे. ताईच्या नावापाशी आले की अडखळायचे, आणि पुढच्या नावावर जायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली मी.

मग ताई अभ्यासाला यायची थांबली. पोटाचं दुखणं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. पंधरा दिवसांनी पास्टर दुकानात आले आणि कापडात गुंडाळलेलं तिचं पवित्र शास्त्र माझ्यासमोर ठेवलं. शिवण उसवलेली, पाठ सुटलेली. म्हणाले, "दुसऱ्या कुणाकडे नको, धाकटीकडेच द्या, असं सांगितलंय त्यांनी."

खोटं कशाला बोलू, हातातलं काम टाकून मी तेच पुढ्यात ओढलं. नऊ वर्षांत तिनं पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. मी ठरवून टाकलं, की तयार झालं की आपणच घेऊन जायचं. गेल्या गेल्या तिच्या अंथरुणाची चादर बदलायची, मग काय ते बोलू.

पानं सुटी केली, नव्यानं शिवली. मागचा पुठ्ठा उघडला तर त्याच्या आतल्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेली यादी. ताईचंच बारीक अक्षर. वर लिहिलं होतं, रोज सकाळी. खाली दूधवाल्याचा गुडघा, समोरच्या शिंपिणीचा जावई, पोस्टमन, दातांचे डॉक्टर आणि त्यांची आई, जिन्यातली लंगडी मांजर. चाळीसएक नावं असतील. मी बोट ठेवून यादी वाचली. मग पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. माझं नाव नव्हतं. मांजर होती.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. त्या यादीवर मी नवा जाड कागद चिकटवला आणि रात्रभर वजनाखाली ठेवला. एक घाव दोन तुकडे. पास्टर आले तेव्हा शास्त्र त्यांच्याच हातात दिलं. ते म्हणाले, की ताई तुमची वाट बघतायत.

मी म्हटलं, "तिच्याकडे यायला दूधवाला आहे."

ते गोंधळून गेले. नवव्या दिवशी ताई गेली.

महिन्याभरानं भाची आली, ताईचं शास्त्र घेऊन. हे मावशीला द्यायचं, असं आई सांगून गेली म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. पुस्तक घरी आल्यावर ताईनं आधी मागचंच कव्हर उघडलं होतं. कोऱ्या कागदावरून हात फिरवला आणि हसली. धाकटीला मळका कागद खपत नाही म्हणाली. त्यानंतर रोज सकाळी आठवून आठवून नावं घ्यायची आणि मध्येच अडकायची. शिंपिणीचा कोण गं, जावई की दीर, असं पोरीला विचारायची.

माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "माझं नाव नव्हतं त्यात."

भाचीनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "माझं तरी कुठे होतं, मावशी? बाबांचं कुठे होतं? ज्यांची नावं विसरायला व्हायची, त्यांचीच ती लिहून ठेवायची. तुझ्यापासून तर सुरुवात व्हायची. रोज. मग मी, मग बाबा, आणि मग कव्हर उघडायची."

मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. ती गेली तेव्हा दुकानाचं दार ओढून घेतलं आणि खूप रडले.

दुसऱ्या दिवशी ओला बोळा आणि पातळ सुरी घेऊन बसले. दुपारपर्यंत बसले. नवा कागद निघाला, पण कपचे-कपचे होऊन, आणि खालचा कागद बरोबर घेऊन. एका कपच्यावर 'गुडघा' एवढं वाचता आलं. दूधवाल्याला गाठून विचारलं, तर म्हणाला, गुडघा केव्हाच बरा झाला.

आता सकाळी ती नावं मी घ्यायला बसते. पाच-सहा आठवतात, बाकीची नाहीत. तीनदा बोट ठेवून वाचली होती, पण तेव्हा मी एकच नाव शोधत होते.