सरळ नाही

“बघू,” मालक म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या दुभाषीबाई मोठ्याने खाकरल्या.

ही खूण आधीच ठरलेली होती. टेबलापलीकडच्या परदेशी पाहुण्याबाईंना व्हॉल्व्हची सगळी ऑर्डर दोन महिने आधी हवी होती, आणि ते होणं शक्य नाही हे कारखान्यातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. पण कुणाच्या तोंडावर नाही म्हणायचं तर मालकांच्या जिवावर येई. एवढा मोठा कारखाना उभा केला गड्याने, पण ‘नाही’ काही जिभेवर यायचं नाव घेत नसे.

इतकी वर्षं ते निभावलं होतं बाईंनी. इकडचं गुळमुळीत तिकडे सरळ करून द्यायचं, तिकडचं सडेतोड इकडे मऊ करून घ्यायचं. गेल्या वर्षी मात्र ह्याच कारखान्यात लेथवर असलेल्या त्यांच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि बाई दवाखान्यात अडकल्या. बदली माणसाने मालकांचं ‘बघू’ जसंच्या तसं पोचवलं. पाहुण्यांना वाटलं, बघतो म्हणतोय म्हणजे माणूस कामाला लागला. मागितलेल्या तारखेला ते माल न्यायला हजर! मालकांनी त्यांना चहा पाजला. संबंध तुटता तुटता राहिले.

आता तर पाहुण्याबाई थोडीफार भाषा शिकून आल्या होत्या. ‘बघू’ त्यांना थेट ऐकू येणार होतं, त्यामुळे बाईंना काही सारवासारव करायला जागाच नव्हती. म्हणून आठवडाभर त्या मालकांची शिकवणी घेत होत्या.

“अहो साहेब, त्यांना राग नाही येत. उलट बरं वाटतं.”

“त्यांना वाटत असेल हो. मला लाज वाटते त्याचं काय?”

आता बाईंचं खाकरणं ऐकून मालकांनी रुमालाने कपाळ पुसलं. “नाही,” ते एकदाचे म्हणाले. “आधी जमणार नाही. करारात आहे त्याच तारखेला देतो.”

पाहुण्याबाई हसल्या, त्यांनी हात पुढे केला. चहा निवायच्या आत बैठक आटोपली.

पाहुणे गेल्यावर मालक हरखून गेले होते. “बाई, मी नाही म्हटलं, आणि काही आभाळ कोसळलं नाही की हो!”

बाई दमल्या होत्या. पण अशी वेळ पुन्हा येणार नाही म्हणून त्यांनी विषय काढला. “साहेब, आमच्या ह्यांना परत कामावर यायचंय. लेथवर नका घेऊ. स्टोअरला, गेटवर, कुठेही चालेल. रोज हाताचा व्यायाम करतात. घरी बसून माणूस खचत चाललाय हो.”

होकाराची आशा त्यांना नव्हतीच. मालक ‘बघू’ म्हणतील, आणि तेवढ्यावर घरात चार-सहा महिने निघतील, एवढाच त्यांचा हिशोब होता.

मालकांनी बाईंच्या डोळ्यांत बघितलं. “नाही, बाई. त्यांना आता काम झेपणार नाही. उगाच झुलवत ठेवण्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं. तुम्हीच शिकवलंत ना?”

त्यांना वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्यामुळे बाईंना धड रागही धरता येईना.

“बरोबर आहे साहेब,” त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या. बसमध्ये त्यांना रडू आलं. बाजूच्या माणसाने खिडकी हवी का म्हणून विचारलं, तर त्यालाही त्या बरोबर आहे म्हणाल्या.

दार नवऱ्यानेच उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती.

“काय म्हणाले गं साहेब?”

बाईंनी चपला काढल्या, त्या सरळ करून ठेवल्या. उभ्या जन्मात त्यांनी कुणाचा शब्द मऊ केला असेल, पण उलटा कधी केला नव्हता.

“विचार करतो म्हणाले.”

ते बायकोकडे बघत राहिले. बोलण्याची ही रीत काही त्यांना परकी नव्हती. त्यांचाही जन्म त्यातच गेला होता.

“बरं,” ते सावकाश म्हणाले. “तोंडावर नाही म्हटलं नाही ना? मग माणूस चांगला आहे.”

आणि आत जाऊन डाव्या हाताने शर्टाची बटणं काढू लागले. बाई मदतीला गेल्या नाहीत.