आभाळातून पडलेल्या दगडाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना, काळा, तेलकट दगड आहे. देव नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या या ग्रीक गावात तसं बोलायची सोय उरलेली नाही.

माझा जन्म आभाळातला. एका दुपारी मी पेटत, गडगडत खाली आलो आणि बंदरामागच्या सातूच्या शेतात रुतून बसलो. सगळे पळाले. धावत जवळ आला तो एकटा एवेनोर. तारे देव नव्हेत, जळते दगड आहेत, असं तो म्हातारा आयुष्यभर सांगत आला होता आणि गाव त्याला हसत आलं होतं. मला हात लावताच त्याला चटका बसला, तरी गडी खूश!

"बघा! दगडच आहे! आता तरी पटलं ना?"

मलाही वाटलं, आता याचं भलं होणार. केवढा मी खुळा!

"पटलं की," पुजारी फाइनिप्पोस म्हणाला. "तू देवांना दगड म्हणालास, म्हणून त्यांनी तुला दगड मारला."

"मला? अरे, माझं घर टेकडीपलीकडे! देवांचा नेम इतका वाईट?"

लोक हसले, पण तेवढ्यापुरतेच. एवेनोरवर देवनिंदेचा खटला उभा राहिला. दोषी ठरला तर गाव कायमचं सुटणार होतं.

"हातोडी घ्या आणि याला फोडा," एवेनोर विनवत होता. "आत देव निघाला तर मला समुद्रात बुडवा."

हातोडी कुणीच उचलली नाही. मडक्यात खडे टाकून मत द्यायची इथली रीत. मी दगड नाही, हे शेवटी दगडांनीच ठरवलं. एवेनोर हद्दपार झाला आणि पलीकडच्या किनाऱ्यावर मेला.

माझी मात्र चैन झाली. ओटा बांधला, देवाला गुंडाळतात तशी लोकर गुंडाळली, रोज ऑलिव्हचं तेल. इतकं कौतुक कुठल्या दगडाच्या वाट्याला आलं असेल? मला त्याची शिसारी येते.

एवेनोरची मुलगी मायरो दर सणाला येते. तेल ओतते, कपाळ टेकते आणि म्हणते, "देवा, माझ्या बापाला क्षमा कर. वेडा होता रे तो."

त्या वेळी मला तोंड नसल्याचं फार दुःख होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला म्हणत असतील, आम्हाला जपा. माझी विनंती उलटी आहे. मायरो तेल घेऊन यायच्या आत कुणीतरी मला फोडा.