झाकणं बँडचं पहिलं गाणं

कानसेनला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. फोटो नाही, नावं नाहीत, पत्ता नाही. नाहीतर तुझे ते लाडके कान उपटून तुझ्याच हातात देईन.

कानसेन म्हणजे चष्म्याच्या दुकानातला विक्रेता. पण त्याचा खरा उद्योग वेगळाच. कुणी नाव ऐकलेलं नाही असे नवे बँड हुडकायचे आणि दर आठवड्याला एकाची शिफारस आपल्या ऑनलाइन पानावर टाकायची. आमच्या सरावाच्या खोलीला लागून पत्र्याच्या डब्यांचा कारखाना होता. तिथे दुकानासाठी डब्या मागवायला आला, भिंतीतून आमचं ऐकलं आणि सरळ दारात येऊन उभा राहिला.

मी बेस गिटार वाजवायचे, ड्रमवर आमची मैत्रीण बुटकी, आणि गायची माझी ताई. ती नवऱ्याच्या घरातून मोडलेल्या बरगड्यांनिशी पळून आलेली. "सापडलीस तर जिवंत सोडणार नाही," असं तो म्हणाला होता, आणि तो मेला बोलेल ते करणारा. आम्ही शहर बदललं, फोन बदलले, ताकास तूर लागू दिली नाही. मला तर कानसेन दारातही नको होता. पण ताई म्हणाली, "चेहरा नको दाखवू, पण कुणीतरी ऐकू दे गं." त्या माणसाच्या घरात तिने कधी गुणगुणलंही नव्हतं. आवाज तो कुठून ओळखणार, असं आम्हाला वाटलं.

कानसेनने शब्द पाळला, हे मान्य करावं लागेल. पण त्याची एक खोड होती. रेकॉर्डिंग साफ करायचं नाही, खोली ऐकू आली पाहिजे. शेजारी झाकणं कापणारं जुनं प्रेस दिवसभर चालायचं. दोन ठोके, मग एक लंगडा ठोका. आम्ही वैतागून वैतागून शेवटी त्याच ठेक्यावर गाणी बांधली, म्हणून तर बँडचं नाव 'झाकणं'. कानसेन त्यावरच लट्टू झाला. त्याने लिहिलं, "या पोरी भिंतीपलीकडच्या मशीनसोबत वाजवतात. ते मशीन नीट ऐका."

आणि ताईचा नवरा होता गावोगावच्या कारखान्यांत फिरून प्रेस दुरुस्त करणारा फिटर. गाणं या फोनवरून त्या फोनवर फिरत त्याच्या कामावर पोचलं. कुणीतरी गंमत म्हणून त्याला ऐकवलं. तो लंगडा ठोका त्याने एकेकाळी स्वतः दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता. मशीन ओळखलं, मग वर गाणारी बाईही ओळखली. आमच्यापैकी एकीच्याही टाळक्यात हे आलं नव्हतं.

भरदुपारी आला. उकडत होतं म्हणून दार सताड उघडं. हातात मोठा पान्हा. ताई माइकसमोर डोळे मिटून गात होती आणि त्याने पान्हा तिच्या जबड्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बुटकी अंगावर धावून गेली, तिच्या पोटात लाथ बसली आणि ती ड्रमवर कोसळली. त्याने ताईला केसांना धरून ओढलं, तिचं डोकं फरशीवर आपटलं आणि पान्हा पुन्हा उचलला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बेस गिटार मानेला धरली आणि त्याच्या कानशिलात हाणली. तो गुडघ्यावर आला. पुन्हा हाणली. लाकूड फुटलं, तारा त्याच्या गालात घुसल्या, तरी मी हाणतच होते. खोटं कशाला बोलू, मला थांबायचंच नव्हतं. शेजारचे कामगार धावत आले, चौघांनी मला मागे ओढलं.

तो दवाखान्यातच मेला. मी जामिनावर आहे. रडले नाही, रडणारही नाही.

ताईचा जबडा तारांनी बांधलाय. बोलता येईल म्हणतात. गाण्याचं विचारलं तर डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, नस तुटलीय.

कानसेन भेटायला आला तो रडतच. "गाणं काढून टाकलंय मी," म्हणाला. "सगळीकडून. कुठेही ठेवलं नाही. फक्त माझ्या फोनमध्ये आहे." मी त्याच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली. ताईचा तेवढा एकच आवाज उरलाय जगात, आणि हा गाढव तो पुसत सुटलाय.

दुसरी द्यायला हात उचलला तेवढ्यात ताईने माझं मनगट धरलं. कानसेनकडे बोटाने फोन मागितला. सुजलेल्या डोळ्याने बघत बघत तिने टाइप केलं, 'पानावर परत टाक.'

"टाकतो," कानसेन म्हणाला. "पहिल्यासारखंच. नावाबिवाशिवाय."

तिने नकारार्थी बोट हलवलं, फोन पुन्हा ओढून घेतला आणि गाण्याखाली आपलं नाव लिहिलं. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. त्याखाली आमच्या खोलीचा पत्ता लिहिला, रस्ता, मजला, दार, सगळं.