मंगळवारचं स्टूल

मी बोलतोय, इकडे खाली. टेबलापाशी शोधू नका, तिथे खुर्च्या असतात. मी स्टूल आहे. पाठ नाही, हात नाहीत, चार पायांतला एक बोटभर आखूड. पण या कारखान्यात माझ्यापेक्षा मानाची बैठक दाखवा, मी आजच्या आज सरपणात जायला तयार आहे.

आमच्याकडे रुग्णालयांसाठी खाटा बनतात. पायथ्याचा दांडा फिरवला की उशाकडचा भाग वर येतो, तसल्या. त्यांच्या खोक्यांच्या उरलेल्या फळ्या जोडून पॅकिंगच्या सुतारकाकांनी मला जेवणाच्या सुट्टीत ठोकलं. पाय आखूड पडला तेव्हा म्हणाले, "असू दे, बसणारा जागा तरी राहील." खोक्यावरचा 'ही बाजू वर' हा छापा अजून माझ्या पोटावर आहे. अर्थात ती बाजू खाली आली, त्याला माझा इलाज नव्हता.

पहिली काही वर्षं चिकटपट्ट्यांचे गठ्ठे सांभाळण्यात गेली. दिवा बदलायचा असला की माझ्यावर चढायचं, एरवी कुणी ढुंकून पाहत नसे. मग मॅडम आल्या, कंपनीच्या नव्या कार्यकारी संचालक. पहिल्याच दिवशी त्या पॅकिंगमध्ये येऊन उभ्या राहिल्या, तर आमच्या कार्यालय व्यवस्थापकांची धांदल उडाली. सगळे त्यांना पाठीमागे शिस्तकाका म्हणतात. ते गादीची खुर्ची आणायला पळाले आणि परत आले तेव्हा मॅडम माझ्यावर बसल्याही होत्या.

मी सवयीने डुगडुगलो. त्यांनी तोल सावरला आणि समोरच्या माणसांना विचारलं, "या आठवड्यात काय अडलं?"

प्रश्न एवढाच. मग त्या ऐकत बसल्या. मी साहेब लोक बरेच पाहिलेत. प्रश्नही त्यांचा आणि उत्तरही त्यांचंच. मॅडम मात्र समोरच्याचं संपेपर्यंत तोंड उघडत नसत. वहीत लिहून घेत. दर मंगळवारी सकाळी मला स्वतः उचलून एकेका विभागात नेत आणि बसल्या बसल्या आधी मागचं सांगत: हे झालं, हे झालं नाही, का झालं नाही. 'नाही' सांगताना नजर चुकवत नसत, म्हणून लोक पुन्हा बोलत. असा आमचा मंगळवारचा पायंडा पडला आणि माझी छाती, म्हणजे जी काही फळी आहे ती, फुगली.

शिस्तकाकांना मात्र माझी लाज वाटायची. एवढ्या मोठ्या बाई खोक्याच्या फळीवर बसतात, पाहुणे काय म्हणतील! माणूस मनाने चांगला, पण उत्साहाला लगाम नाही. त्यांनी मला पॉलिश केलं, वर स्पंज, स्पंजावर लाल रेक्झीन, आखूड पायाखाली रबराची गुंडी. मग मला सभागृहात मंचावर ठेवलं, पुढे माईक. अडचणी दोन दिवस आधी छापील अर्जावर द्यायच्या, असंही ठरलं. मॅडम तेव्हा एका नव्या रुग्णालयाच्या साठ खाटांच्या कामात बुडाल्या होत्या. त्या 'बरं' म्हणाल्या. आणि मी? मला तर आभाळ ठेंगणं झालं. सहा मंगळवार मी मंचावर मिरवलो आणि सहाही मंगळवार खाली लोक मूग गिळून बसले, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

सातव्या मंगळवारी साठही खाटा बांधून तयार होत्या. दुपारी ट्रक यायचे होते. मॅडमनी माईकवर विचारलं, "काय अडलं?" सगळे गप्प. "काहीच नाही?" तरी गप्प. एरवी सभा संपली असती. पण मॅडम समोर बघत राहिल्या, मग उठल्या आणि मला मंचावरून खाली घेतलं.

"कात्री आहे का कुणाकडे?"

रेक्झीन टराटरा फाटलं. मला उलटं केलं तेव्हा त्यांना माझ्या पोटावरचा छापा दिसला आणि त्या खुदकन हसल्या. रबराची गुंडीही उपटली. मला काखोटीला मारून त्या थेट चाचणी विभागात गेल्या आणि बसल्या. मी पुन्हा डुगडुगलो. इतकं बरं वाटलं!

चाचणीवाल्या ताई बराच वेळ पान्याशी चाळा करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही जरा या खाटेवर झोपता का?"

शिस्तकाकांच्या पाचावर धारण बसली. मॅडमनी चपला काढल्या, चष्मा माझ्यावर ठेवला आणि झोपल्या. ताईंनी दांडा फिरवून उशाकडचा भाग वर केला. "आता फक्त थांबायचं."

आम्ही थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग मॅडमचं डोकं हळूहळू, कुणी हात न लावता, खाली जायला लागलं. पंधराव्या मिनिटाला त्या सपाट झाल्या होत्या.

"दम लागणारा पेशंट असता तर?" ताईंनी विचारलं. "आतल्या स्क्रूचे आटे उथळ आहेत. नियमात दहा वेळा वर-खाली करायचं, त्यात कळत नाही. मी डबा खायला गेले आणि खाट वर ठेवूनच गेले, म्हणून कळलं. अर्ज दिला होता. चाचणीच्या नियमात बसत नाही म्हणून परत आला."

मॅडम उठल्या. सगळ्यांसमोर रुग्णालयाला फोन लावला. "खाटा आज येणार नाहीत. खोट आहे... नाही, विभागाची चूक नाही, माझी आहे. मी सहा आठवडे उंचावर बसले होते." फोन ठेवून ताईंना म्हणाल्या, "नवा नियम तुम्हीच लिहा." ट्रक रिकामे परत गेले. त्या दिवशी माझ्या फळीला जो अभिमान वाटला, तो मंचावर कधी वाटला नव्हता.

आता मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाला लोक त्यांना मलाच भेट म्हणून देणार होते. त्या म्हणाल्या, "नको, त्याचं काम इथे आहे." रेक्झिनच्या चार चिंध्या अजून माझ्या खिळ्यांना लटकल्यात. असू देत, त्यांच्यामुळे मी ताळ्यावर राहतो.

आज मंगळवार. नवे साहेब पहिल्यांदा चाचणीत आलेत. शिस्तकाका धावत गेले आणि मला घेऊन आले.

साहेबांनी मला खालून वर न्याहाळलं. "खुर्ची नाही का?"

"आहे ना साहेब, दहा आहेत," शिस्तकाका म्हणाले. "पण मंगळवारी इथे यावरच बसतात. जरा डुगडुगतं."

ताईंनी पाना खाली ठेवलाय. साहेब, बसा. मी आजवर कुणाला पाडलेलं नाही. बसा आणि विचारा.