इंजिन वाढवताना

उरल्यासुरल्या डिझेलवर इंजिन सुरू करून शालिग्रामने डिझेलची तोटी बंद केली आणि बायकोकडे पाहिले. विमलबाईने करंजाच्या तेलाची तोटी अर्धी उघडली. अर्धीच, कारण पुरी उघडायला सांगायची त्याची हिंमत नव्हती.

डोणगावच्या त्या चक्कीत महिनाभर पीठ पडले नव्हते. कुठल्या कुठे अरबांनी तेल अडवले, रेडिओवर बातमी आली, आणि इकडे पंपावर डिझेल मिळेनासे झाले. बायकांनी अडगळीतली जाती बाहेर काढली. मालक उत्तमरावांनी तर मेहकरचा भंगारवालाच गाठला. डिझेलअभावी तोही बैलगाडी घेऊन आला होता.

"आज चाललं तं ठेवतो," उत्तमराव दारातून म्हणाले. "नाही तं याले उचलू देतो. माहा नाईलाज हाय, शालिग्राम."

शालिग्रामने घाण्यावरून करंजाचे तेल आणले होते, धडप्यातून गाळले होते. घट्ट तेल पातळ व्हावे म्हणून तापत्या धुराड्याभोवती नळीची वेटोळी दिली होती. शालिग्राम मिस्त्री आता दिव्याच्या तेलाने इंजिनाची दिवाबत्ती करतो, म्हणून गाव हसत होते.

इंजिन खोकले. पट्टा सैल पडून फडफडला. मग आतून ठणठण ऐकू येऊ लागली. आतला दट्ट्या फुटला, तर लग्नाआधीपासून लेकरासारखे जपलेले हे इंजिन भंगारातच जायचे.

भंगारवाला धोतर झटकून उठला.

"वाढव!" शालिग्राम ओरडला. "विमल, वाढव!"

अभद्र बोलू नये म्हणून आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, वाढते. दिवासुद्धा विझत नाही, वाढतो. तसे शालिग्रामच्या चक्कीत इंजिनही वाढायचे. 'बंद' हा शब्द तिथे कोणी उच्चारलेला त्याला खपत नसे, आणि हे विमलबाईइतके कोणाला ठाऊक होते?

तिने पदराला हात पुसला आणि तोटी पुरी उघडली.

"काय करून राह्यली वं!"

तो धावला. पण त्याचा हात पोहोचायच्या आत ठणठण थांबली. अर्ध्या तोटीवर बिचारे इंजिन उपाशी मरत होते. आता पट्टा ताणला गेला, दगड घरघरत फिरू लागले. विमलबाईने टोपलीभर ज्वारी ओतली. खाली पीठ पडू लागताच तिने करंजाचा कडवट वास येतो का ते हुंगून पाहिले आणि चिमूटभर उत्तमरावांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते जिभेवर टेकवले आणि भंगारवाल्याला जायची खूण केली.

शालिग्राम घामाने निथळत भिंतीला टेकला होता.

"म्या बंद करायले सांगतलं होतं," तो हळूच म्हणाला.

विमलबाईने ओठांवर बोट ठेवले.

"चक्कीत असं अभद्र बोलत नाही," ती म्हणाली. "तुमी 'वाढव' म्हटलं होतं."